न चाललेल्या ओळी

२४ जुलै
नाही करणार पेटी पास म्हणून सही! निकेत, आमचा साहेब, पुण्यातून फोनवर – "सगळ्या टेस्ट पास आहेत, ऋता. आता काय राहिलं?" राहिलं हेच की त्या टेस्टमध्ये प्रोग्रामच्या कुठल्या ओळी चालल्याच नाहीत, ते कुणालाच माहीत नाही. बुडत्या होडीतून किनाऱ्याला हाक घालणारी पेटी आहे ही, दारावरची बेल नव्हे. आणि दादा तांडेल आहे, स्वतःची होडी हाकतो; पहिली पेटी त्याच्याच होडीवर बसणार आहे.

२५ जुलै
साहेबांचा नवा मुद्दा – "पेटीत फाइल ठेवायची सोयच नाही. चाललेल्या ओळी मोजणार कशा?" ओळ चालली की पेटीच्या मेमरीत एक खूण. शेवटी सगळ्या खुणा तारेतून लॅपटॉपवर. फाइल हवीये कुणाला?

२८ जुलै
जमलं!! टेबलावर तरी.

३१ जुलै
दादाच्या होडीतून विजयदुर्गच्या खाडीत. सकाळभर खुणा जमवल्या – आणि उतरवून घ्यायच्या आत सगळ्या गायब! दादाने नांगर टाकला नि मेन स्विच पाडला. वीज गेली, मेमरी पुसली. केवढी ओरडले त्याला.

"होडी थांबली की मेन पाडूचो, गो. इंजिनात पाणी इला तरी पयलो मेनच. ओळी मोजून मासे गावतले काय तुका?"

भांडून घरी आले. जेवताना घास हातातच राहिला. पाणी शिरलं, दादाने पेटीवरचं मदतीचं लाल बटण दाबलं, आणि संदेश जायच्या आत मेन पाडला – तर?

१ ऑगस्ट
आता खूण पडली की लगेच तारेतून बाहेर काढते. वीज परत आल्यावर राहिलेला संदेश पाठवायच्या ओळी प्रोग्राममध्ये आहेत. ऑफिसच्या टेस्टमध्ये किती वेळा चालल्या? शून्य! तिथे वीज कुणी घालवलीच नाही. आज मी घालवली. ओळी चालल्या, आणि पेटी मध्येच अडकून बसली, संदेश गेलाच नाही.

निकेत म्हणतो, "बटण दाबून लगेच मेन बंद कोण करतं?" माझा भाऊ करतो! अख्खं बंदर करतं!

५ ऑगस्ट
माझ्याऐवजी दुसऱ्याची सही घेतली. वर मी पेट्या वाटायच्या कार्यक्रमाला येऊ नये म्हणे. रडले. मग दादाला सगळं सांगितलं. तो जाळं शिवत राहिला.

८ ऑगस्ट
गेलेच मी. हार, नारळ, माईक. निकेत – "तांडेल, बटण दाबून दाखवा." दादाने होडीत चढून दाबलं. लगेच मेन पाडला. पुन्हा चालू केला. संदेश दाखवणारी किनाऱ्यावरची स्क्रीन कोरी ती कोरीच.

"माझ्या भयणीन सही केल्याशिवाय ही पेटी माका नको."

मागचे तांडेल आपापल्या पेट्या टेबलावर परत ठेवायला लागले.