हजेरीतलं ‘शे’

बाई, आपल्या मुलींच्या शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. आता तुमच्या खुर्चीत मी बसते, मग दुसरं कोण लिहिणार! बाजारातल्या भुईमुगाच्या गोदामात आठवीचा पहिला वर्ग कसा भरला, मुली येईनात म्हणून तुम्ही एसटीने धुळ्याच्या आसपासची गावं कशी पालथी घातलीत, ओट्यावर बसून कुणाकुणाच्या आबांशी कशा भांडलात, सगळं लिहिलं. मग जुनं जनरल रजिस्टर उघडलं. शाळा सोडल्याच्या कारणाखाली तुमच्या अक्षरात ‘विवाह’ लिहिलेलं दिसलं. माझ्या मैत्रिणीच्या नावापुढे. आमच्या गावातून आम्ही दोघीच तर येत होतो.

आठवतंय का? पहिलाच आठवडा. तुम्ही हजेरी घेताय. तिचं नाव येतं, ती ताडकन उठते आणि ‘हजर’ म्हणायचं सोडून म्हणते, “शे, बाई!” घरी अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणायचो, तसंच. सगळ्यात आधी मी फिदीफिदी हसले. मी काय मोठी पुण्याची होते? मग वर्ग हसला आणि बाई, तुम्हीही हसलात. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. “बाईच हासन्यात,” एवढंच म्हणाली मला.

तुम्ही मला व्हरांड्यात बोलावून विचारलंत, “का गं, येत नाही ती?” तुम्ही हसलात म्हणून, हे तोंडावर कसं सांगणार? आणि मी हसले, हे तर नकोच. पटकन बोलून गेले, “लग्न झालं तिचं. सासरी गेली.” ऐंशीनंतरच्या त्या दिवसांत कुणालाही पटेल असंच खोटं. तुम्ही चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिलात. खरं लग्न त्यानंतर चार वर्षांनी झालं तिचं.

तुम्ही वारल्याचं सांगायला मी तिच्याकडे गेले होते. भाकरी थापता थापता म्हणाली, “बठ्ठास्ना घर बाई गयात. मन्हाच घर उन्यात नही. मी दप्तर भरी ठेवेल व्हतं.” दप्तर भरून ती तुमची वाट बघत होती, आणि तिच्याच घरी तुम्ही गेला नाहीत. मेलं, तेव्हा तरी माझं खोटं तिला सांगायचं! नाही सांगितलं.

इतिहासात माझं एक वाक्य आहे, ‘बाई एकेका मुलीच्या घरी गेल्या.’ काल ते खोडायला पेन उचललं. पण खोडलं तर का खोडलं, ते लिहावं लागेल, बाई. वाक्य तसंच छापायला गेलं.