पेंढ्याचं रेडकू

मंगळवार, संध्याकाळ. हॉस्टेल.

ऋचा खोली सोडून गेली, तिचं जपानी मांगा, म्हणजे चित्रांतल्या गोष्टीचं पुस्तक, कपाटातच राहिलं. आज वाचून संपवलं. शहरातला पोरगा शेतकी शाळेत येतो, त्याला काही म्हणजे काही येत नाही, आणि सगळे त्याला सांभाळून घेतात. असं कुठं असतंय? आम्ही घेतलं का ऋचाला? पुण्याची पोरगी. कॉलेजच्या गोठ्यातल्या रेडकाला ‘बटण’ म्हणायची, कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीत ते रेडकू मेलं. रेडकू समोर असल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही, म्हणून गोठ्यावरच्या दत्तूमामांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरला. रीतच आहे ती. ऋचाला माहीत नव्हती, मला होती. तरी सुट्टीवरून आल्या आल्या तिला मीच हाक मारली, “ये की, बटण वाट बघतंय तुझी.”

धावत आली. ठिपक्यावर हात फिरवला. हाताखाली पेंढा वाजला. म्हैस आपली चाटतच होती. मी धार काढता काढता म्हटलं, “बघ, आईला कळंना, आणि तुला बरं कळतंय!” सगळ्या पोरी हसल्या. त्याच आठवड्यात ती खोली सोडून गेली.

वाईट वाटलं का? तेव्हा नाही. खोटं कशाला लिहू?

आज मांगातलं कोकरू मेलं आणि मी हुंदके देऊन रडले. त्याच्या कपाळावरून हात फिरवला. नुसता कागद.

जिती पोरगी समोर थरथरत होती, तेव्हा माझा थेंब गळला नाही. कागदाचं कोकरू बघून पान्हा फुटला. आणि हसले होते मी म्हशीला.