जुन्या फ्लॉपीतली मालू

ठाकुर्ली,
५ डिसेंबर १९९६

तीर्थरूप बाबांना मालूचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत खाडीच्या वाऱ्याला बसू नका. रंगूआत्याचं ऐकत नाही, निदान माझं ऐका. दोन वर्षांनी लिहिते आहे, तरी सुरुवात दटावण्यानेच झाली. सवय कुठली जायला!

वधूवर मंडळाकडून माझ्या नावाने तुम्हाला स्थळाचं पत्र आलं, त्याबद्दल लिहायचंय. ठाण्याच्या त्या मंडळात आता मीच नोकरीला आहे, कॉम्प्युटर चालवते. माझ्या लग्नाआधी तुम्ही तिथे माझं नाव नोंदवलं होतं. ते गणपतीत मी स्वतः काढलं आणि रजेवर गेले.

दिवाळीत कॉम्प्युटरला व्हायरस लागला. आमचे मालक भगवानभाऊ घाईचे. मी बजावून ठेवलं होतं, जुन्या फ्लॉप्या भरायच्या आधी आज आहे ते कोऱ्या फ्लॉप्यांवर उतरवून घ्या, शेजारच्या क्लासच्या मशीनवर जुनं उघडून बघा, मगच आपल्यावर चढवा. पण ऐकतो कोण! श्रावणात सगळ्या नोंदी उतरवून ठेवलेल्या फ्लॉप्या त्यांनी थेट भरल्या. मशीन सुरू झालं, भाऊ खूश. आणि श्रावणानंतर जे घडलं ते सगळं पुसलं गेलं. लग्न झालेल्या मुली पुन्हा उपवर! तुळशीचं लग्न लागलं तशी स्थळांची पत्रं छापून सुटली. माजिवड्याच्या एका गृहस्थांना त्यांच्याच जावयाचं स्थळ गेलं, तेही त्याच मुलीसाठी. ते अजून फोन करून भाऊंना शिव्या घालतात.

तर ते पत्र मी पाठवलेलं नव्हतं, बाबा. मी तानाजींना सोडून आलेले नाही.

हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण धीर होईना. कारण मंगळवारी तुम्ही मंडळात आलात तेव्हा मी आतच होते, काचेच्या मागे. मशीन निस्तरायला भाऊंनी मला चार दिवस बोलावलं होतं. तुम्ही ठेवणीतला सदरा घातला होता. भाऊंना म्हणालात, "पोरीनं माजाच पत्ता दिलाय नं? म्हंजी ती घरी येनार. स्थलाचं नंतर बगू. ती कुठं हाय, तेवरं सांगा."

तुम्ही कोण हे भाऊंना माहीत नव्हतं. चौकशी करतो म्हणून त्यांनी तुम्हाला वाटेला लावलं. मला बाहेर यायचं होतं, पण आले नाही. इतकं खुशीत तुम्हाला मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि ती खुशी मलाच मोडायची होती. तुम्ही गेल्यावर खूप रडले.

मला घरी यायचंय, बाबा. फार यायचंय. पण पूर्वीची मालू होऊन नाही. मंडळाचं गेलेलं सगळं मी अर्ज समोर ठेवून पुन्हा भरते आहे, एकेक लग्न. माझं तसं भरता येणार नाही. झालं गेलं नव्हतंच असं धरून मला घरात घेतलंत, तर ही दोन वर्षं जातील. आणि त्यांच्याबरोबर तीही जाईल.

रजेवर का गेले होते ते वर लिहिलं नाही. नवरात्रात मला मुलगी झाली. कपाळ तुमचं आहे आणि आवाजही तुमचाच, खाडीपलीकडे ऐकू जाईल असा.

बारसं अजून केलेलं नाही. आजोबा आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, असं तानाजींनीच ठरवलंय. लग्नाच्या वेळी तुम्ही त्यांना एवढं बोललात, तरी. शेजारच्या कलावतीबाई रोज विचारतात, "अगं, अजून किती दिवस नुसतं बाळ म्हणायचं?"

रविवारी आत्याला घेऊन या. स्टेशनवर तानाजी उभे राहतील. नाही आलात तर पुढच्या रविवारी तिला कडेवर घेऊन मीच दारात येईन. रागवायचं असेल तर तिच्यासमोर रागवा.

तुमची मालू,
तुमचे जावई तानाजी,
आणि नावासाठी खोळंबलेली तुमची नात