निळ्या खुर्चीपाशी उजवीकडे

३ सप्टेंबर

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचा गुडघा कसा आहे? तेलाने फरक पडला म्हणाला होता, पण मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाला असेल. वहिनींचा खोकला? तुझं मनगट जुळलं, की अजून क्लच दाबताना कळ येते? आणि तुझी फटफटी? गारठ्यात चालू होत नसेल तर प्लग बघ, लाथा घालू नकोस. माझं म्हणशील तर दात सोडून सगळं जागेवर आहे.

मोटरसायकल रॅलीच्या वाटेचा तुझा तक्ता पोस्टाने मिळाला. दरवर्षी रॅलीच्या महिनाभर आधी तू मीटर लावून सगळा घाट मोजत यायचीस. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि दारातूनच काकूचा प्रश्न, की आधी चहा की आधी आंघोळ. यंदा तू आली नाहीस आणि तक्ता आला. म्हणजे तो तुझ्याशिवाय चालायला शिकला म्हणायचा.

रागावलो नाही. पण एका ओळीबद्दल लिहायलाच हवं. माझ्या गाड्या दुरुस्तीच्या शेडसमोरच्या फाट्यावर तू लिहिलं आहेस, ‘११८.४ किमी. निळी खुर्ची, हात हलवणाऱ्या काकू. उजवीकडे वळा.’ पोरी, तुझी काकू जाऊन पाच महिने झाले. खुर्ची मी त्याच दिवशी आत आणली. शेगडीपाशी आहे. तिची शाल पाठीवर होती तशीच आहे. मी त्या खुर्चीत बसत नाही आणि ती हलवतही नाही. झाडताना भोवतीने झाडतो.

फाट्यावरची पाटी पडली ती पडलीच. खुर्ची दिसली नाही तर तुझे बासष्ट स्वार सरळ उतारावर जातील. उताराच्या शेवटी पूल नाही, नुसते खांब उरलेत, हे तुला मी सांगायला नको. इथला फोन अजून मुकाच आहे, म्हणून पत्र. काय करायचं ते लगेच कळव.

तुझा काका

९ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

बाबांचा गुडघा बरा आहे. आईचा खोकला तिच्या बोलण्यासारखाच, थांबत नाही. मनगट जुळलं. आणि मी गाडीला लाथ घातलेली तुम्हाला तिकडे कशी कळते?

काका, तुमचं पत्र वाचलं. तुमच्यापाशी लपवत नाही. यंदा मी मोजायला निघाले होते. पाण्याच्या टाकीपर्यंत आले, तुमच्या एक वळण अलीकडे. वळलं की काकू दिसायच्या, आता दिसणार नाहीत, हे माहीत होतं. माहीत असून पुढे जाववेना. इंजिन बंद करून तिथेच बसले आणि तशीच मागे फिरले. घरी सांगितलं, मोजून आले. टाकीपुढचं सगळं गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवलं. हात आपोआप लिहीत होता. छापून आलं तेव्हाही ती ओळ मला खटकली नाही, इतकी ती माझ्यासाठी खरी होती.

तक्ते सगळ्यांना पोचले आहेत. निघताना तोंडी सांगेन, पण सहा तास गाडी चालवल्यावर कुणाच्या काही लक्षात राहत नाही. पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला तक्ता म्हणेल ते खरं. फाट्यावर दुसरी कुठली ठळक खूण आहे का? तो पांढरा दगड? असेल तर तक्त्यावर चिकटवायला पट्ट्या छापून घेते.

त्या दिवशी एकेकाला वेळ देऊन सोडायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे मला सुरुवातीच्या ठिकाणीच थांबावं लागेल. नसतं थांबावं लागलं तर आले असते का, ते मात्र मला सांगता येत नाही.

चुकलेल्या पुतणीवरही पहिल्याइतकीच माया असू द्या.

तुमची
भिंगरी

१४ सप्टेंबर

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

पांढरा दगड दरडीखाली गेला. दुसरी खूण म्हणशील तर मी, आणि मला कुणी निळा रंग दिलेला नाही. तेव्हा पट्ट्या छापू नकोस, खुर्ची बाहेर काढली आहे.

दारातून निघेना. उभी धरून पाहिली, आडवी धरून पाहिली. त्या दिवशी ती आत कशी आणली, ते मला काही केल्या आठवत नाही. शेवटी दहा नंबरच्या पान्याने तिचा एक हात सोडवला आणि बाहेर नेऊन परत बसवला. शाल घडी करून कपाटात ठेवली. एवढ्याशा कामाला सकाळची संध्याकाळ झाली. काम थोडं होतं, मधेमधे बसणंच जास्त.

टाकीपर्यंत आली होतीस हे वाचलं. गाडी येता येता बंद पडल्याचं मी त्या दिवशी शेडमधून ऐकलं होतं. वाटलं, कुणाचा तरी प्लग गेला, येईल ढकलत. आधणही ठेवलं होतं. टोचून बोलत नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

तक्त्यातलं ‘हात हलवणं’ मला कितपत जमेल, शंका आहे.

तुझा काका

२३ सप्टेंबर

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

रॅली नीट पार पडली. उतारावर एकही गाडी गेली नाही.

मी सकाळपासून खुर्चीत होतो. ती माझ्या मापाची नाही, गुडघे हनुवटीला लागतात. पहिला स्वार आला, मी हात वर केला, तर त्याने करकचून ब्रेक दाबला. त्याला वाटलं पुढे दरड कोसळली. हात नुसता वर करायचा नसतो, मनगटातून हलवायचा असतो, हे मला चौथ्या गाडीला कळलं. जुने स्वार वळताना काकूला द्यायचे तसे दोनदा हॉर्न देत होते. एकाने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हेल्मेटची काच खाली ओढून घेतली.

तुझी काकू मोजायची तसंच मीही काड्यापेटीतल्या काड्यांनी मोजत होतो, एका खिशातून दुसऱ्या खिशात. एकसष्ट झाल्या. एक काडी उरली. बराच वेळ वाट पाहिली. काकू असती तर म्हणाली असती, बघत काय बसलात, पाने-पक्कड घ्या आणि निघा. निघालो. तुझ्या त्या टाकीपाशीच एक बाई चेन तुटून बसल्या होत्या. दातांच्या डॉक्टर. चेन जोडेपर्यंत त्यांनी माझ्या उरलेल्या दातांची चौकशी करून टाकली.

त्यांना शेडवर चहाला आणलं. त्या निळ्या खुर्चीत बसल्या, मी कप घेऊन उभा. तुम्हीही बसा ना, म्हणाल्या. बसणार कुठे? बाहेर खुर्ची एकच. चौदा वर्षं तुझी काकू तिथे बसायची आणि मी आत इंजिनावर वाकलेला. तिच्याशेजारी दुसरी खुर्ची टाकावी, हे चौदा वर्षांत मला एकदाही सुचलं नाही.

जाताना बाई म्हणाल्या, तक्ता चुकला आहे. दरडीनंतर इथला रस्ता डोंगराच्या बाजूने आत वळवून नेला, त्यामुळे त्यांच्या मीटरवर हा फाटा ११८.८ वर आला. चारशे मीटरचा फरक. पण त्यांचं मीटर बरोबर कशावरून? जुन्या वहीवर आता भागणार नाही. कुणीतरी येऊन मोजायलाच हवं.

शेडमधल्या जुन्या फळ्यांची मी एक खुर्ची केली आहे. जरा डुगडुगते. निळा रंग उरला होता, पण दोन निळ्या खुर्च्या झाल्या तर तुझ्या तक्त्याचा घोटाळा होईल, म्हणून तुझी हिरवी रंगवली. दोन्ही बाहेरच आहेत.

टाकीपाशी इंजिन बंद करावंसं वाटलं तर कर. हवं तेवढा वेळ बस. मग दोनदा हॉर्न दे, मी चालत येतो. ते एक वळण आपण दोघं मिळून गाडी ढकलत येऊ.

तुझ्या बाबांना आणि वहिनींना माझी आठवण सांग. उत्तर लवकर लिही, आणि आधी चहा की आधी आंघोळ, तेही त्यातच लिही.

तुझा काका