न्हाणीचा ढाळ

भिंगार, ९ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
अजिनाथचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि त्या अर्ध्यावर तू भांडतेस, म्हणून लिहितो. तू माझ्याकडं राहायला येणार म्हटल्यावर तुझा सुनील म्हणाला, मामा, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला तुमच्या हातच्या न्हाणीत कशी सोडू? मिस्त्री लावा, नाहीतर आईला मी पुण्याला फ्लॅटवर नेतो. मी सांगितलं, मिस्त्री माझा उंबरा ओलांडणार नाही. या घरातलं प्लंबिंग, वायरिंग, दारं, सगळं मी माझं मी शिकून केलंय. तुझी न्हाणीही मीच करणार. खडबडीत फरशी, कमोड, आणि धरायला भिंतीत स्टीलचा दांडा. त्यासाठी जमिनीपासून तुझ्या कोपरापर्यंतचं माप पाठव. अंदाजानं नको.

लोभ आहेच, तो असाच लेव्हलमध्ये राहू दे.

तुझा,
अजिनाथ

नेवासा, १६ जानेवारी

चि. अजिनाथ यास अनेक आशीर्वाद.

पाकिटात नाडा हाय, परकराचा. गाठ मारलीय तिथवर माझं कोपर. काम झालं की परत दे.

पुण्याला सुनील अन् सून दोघं भले हायेत, पर दिवसभर कामावर. सातव्या मजल्यावर मी बोलू कुनाशी, लिफ्टशी? भिंगारच्या बाजारात भांडायला तरी मानूस मिळंल. तवा नीट कर. मागं माझ्या देव्हाऱ्याला दार केलंस, ते असलं घट्ट बसलं की देवांना निवद बाहेरूनच दाखवला. सुनील तुझं काम बघायला येनार हाय, आन् मग ठरवनार म्हनतो.

माया हाय, पर तिला दार लावू नको.

तुझी अक्का

भिंगार, ३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सुनील येऊन गेला. फरशी बसवताना मी पाण्यानं भरलेली नळी चारी कोपऱ्यांत धरून पातळी बघितली होती. केसाचा फरक नाही. त्याला मी ती फरशी छाती काढून दाखवली. त्यानं तिच्यावर बादली ओतली. पाणी पडलं तिथंच उभं राहिलं. मोरीकडं बघायलाही तयार नाही. सुनील म्हणाला, आई यात पहिल्या दिवशी घसरेल. पुण्याचं नक्की करून गेला.

अशी सरळ फरशी अख्ख्या भिंगारात कुणी बसवून दाखवावी, हे मी आजही म्हणतो. फक्त न्हाणीला ती सरळ नको होती. उद्या फोडतो. मीच फोडणार, मीच बसवणार. तू तेवढं सुनीलला थांबव.

लोभ तुटलेला नाही, फरशीच तेवढी तुटायची आहे.

तुझा,
अजिनाथ

नेवासा, १० फेब्रुवारी

चि. अजिनाथ यास आशीर्वाद.

मी इतकी हसले की शेजारची दिपाली काय झालं म्हनून पळत आली. अरं, लहानपनी गोठा कोन धूत हुतं? खराटा न लावता पानी नालीत जायचं, ते काय तुझी दया येऊन? गोठ्याला ढाळ हुता. तसाच मोरीकडं उतार दे. लई देऊ नको, न्हाईतर माझा वॉकर माझ्या आधी मोरीत.

सुनील थांबत न्हाई. येत्या रविवारी गाडी घेऊन येतोय. मी बसते गाडीत, कटकट करत न्हाई. पर पुन्याची वाट नगरावरूनच जाती, अन् भिंगार नगराला लागूनच हाय. पानी जावो न जावो, मी भिंगारच्या फुडं जायची न्हाई.

माया मोरीत सांडू नको.

तुझी अक्का

भिंगार, १४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सुनील तुला न्यायला निघेल त्याच्याआधी पोचावं म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतोय.

ढाळ दिला. झेंडूची पाकळी दारापाशी ठेवून तांब्याभर पाणी ओतलं. पाकळी थेट मोरीवर जाऊन थांबली. तुझा वॉकर मात्र हलायचा नाही, तसलाच एक मागून आणून माझा मी चालवून बघितलाय. सुनीलला म्हणावं, गाडी भिंगारकडं वळव आणि हवं तेवढं पाणी ओत. मिस्त्रीला दाखवायचं असेल तर त्यालाही आण. चहा देईन, हात लावू देणार नाही.

नाडा परत पाठवत नाही. गाठ जिथं आली तिथंच दांडा बसवलाय आणि नाडा त्यालाच बांधून ठेवलाय. तुझा तू येऊन सोड.

लोभाला यापुढं ढाळ माझ्याकडं असू दे.

तुझा,
अजिनाथ