दोन नावांची लेबलं

६ नोव्हेंबर १९७८, सोमवार
कोयनानगरहून दादाचं कार्ड. 'रविवारी येतो. सामान बघू.' एवढंच. वाटणीला दोन वर्षं झाली, त्यानंतरचं हे पहिलं कार्ड. म्हणजे राग गेला. रिटायर होऊन इथंच राहायचा विचार दिसतो. तसं लिहिलेलं नाही, पण दुसरा अर्थ निघत नाही.

रविवारच्या आत घरातल्या वस्तूंवरची लेबलं काढायची. एकूण अठ्ठेचाळीस. निम्मी 'आकाराम', म्हणजे दादाची; निम्मी 'हंबीर', म्हणजे माझी. वाटणीच्या दिवशी मीच लावली. पलटणीत स्टोअर सांभाळल्याची सवय. रागाचा संबंध नव्हता. रोज बारा. चार दिवसांत काम खलास.

७ नोव्हेंबर
गरम पाणी. तीन निघाली. खरं म्हणजे कागद निघाला, चिकट राहिलं. सायकलच्या दुकानातलं सोल्यूशन आहे ते. तेव्हा सौ. म्हणाली होती, खळ लावा, उद्या काढाय बरं. काढायचीच नाहीत, असं मी म्हणालो होतो.

८ नोव्हेंबर
रॉकेल. शास्त्रीय उपाय. चिकट मऊ होऊन पसरलं, त्यावर धूळ बसली. पिठाच्या डब्याला फक्त बाहेरून लावलं होतं, तरी भाकरीला वास. सौ. म्हणाली, आता भाकरीवर बी नाव लिवा. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

१० नोव्हेंबर
काल लिहिलं नाही. आईच्या कपाटावरचं 'आकाराम' दाढीच्या ब्लेडनं खरवडलं. पॉलिशही गेलं. बोट कापलं. फार दुखलं नाही.

हेच लेबल लावताना दादा म्हणाला होता, आईला बी एक चिकटीव की. आई तिथंच खाटेवर पडून होती. तीन महिन्यांनी गेली. दादा मातीला आला, माझ्याशी न बोलता परत गेला. दादाचा स्वभाव पहिल्यापासून हळवा.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ
सगळी काढली. कुठली वस्तू कुणाची, आता मलासुद्धा सांगता येणार नाही. दादासाठी आतली खोली झाडून ठेवली. उद्या मी आधी बोलणार नाही. त्यानं माफी मागितलीच पाहिजे असंही नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार
दादा साडेदहाला आला. टेम्पो घेऊन. कराडला दोन खोल्या घेतल्यात, वाटणीचं सामान न्यायचंय म्हणाला. चहा नको म्हणाला. घंगाळ फिरवून बघितलं, डबे बघितले. मग विचारलं, चिठ्ठ्या कुठं गेल्या रं? काढल्या, म्हणालो. का म्हणून? स्वच्छतेसाठी, म्हणालो. तेवढंच तोंडात आलं.

कपाटाच्या पांढऱ्या डागावरून त्यानं हात फिरवला. बोटाला चिकट लागलं, ते धोतराला पुसलं. आईच्या खाटेवर बराच वेळ बसला. मग म्हणाला, तर मग तूच सांग हंबीर, माझं काय काय हाय ते.

सांगितलं. चोवीसच्या चोवीस पाठ होती. शेवटी खाट. ती त्याची. तो उठला. एक बाजू त्यानं धरली, दुसरी मी.

जाताना येतो म्हणाला. ये, म्हणालो. कधी ते कुणीच विचारलं नाही.