लांब नळीच्या कॅमेऱ्याबद्दल लेखी मत

कोइमतूर,
रविवार (भट्टी बंद)

तीर्थरूप धुळामामा यांना भाचा सूरज याचा, पाय इथनं लांब पडत असल्यामुळे कागदावरच डोकं टेकून, नमस्कार. मामीलाही तसाच. सोनियाला वेगळं काही लिहीत नाही, कारण पत्र तीच तुम्हाला वाचून दाखवणार. तुमचा गुडघा कसा आहे, मामीची कणकण थांबली का, मेंढरं माळावर आहेत की कुणाच्या रानात बसवलीत, हे सवडीनं कळवावं. माझी तब्येत बरी आहे. सोनं-चांदी आटवायच्या भट्टीपुढं बसून अंगातलं पाणीही आटतं, पण संध्याकाळी इथला पातळ भात खाल्ला की ते परत भरून येतं.

पत्रास कारण आपले द्राक्षबागेचे लालासाहेब. परवा तुम्ही फोनवर म्हणालात की त्यांना माझ्यासारखाच लांब नळीचा कॅमेरा घ्यायचा आहे, सूरजनं वर्षभर वापरलाय तर त्याचं मत लेखी मागवा, फोनवर माणूस काहीही बोलतो. त्यांचं बरोबर आहे. शिवाय फोनवर तुम्ही स्पीकर चालू करता आणि माझं मत पारावर बसलेल्या सगळ्यांत वाटलं जातं, मग माझ्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून लिहितो. माझ्याबरोबर भट्टीवर असणारा भाऊसो उद्याच्या गाडीनं गावी निघालाय, त्याच्या हाती हा कागद देतो. (आठवी सोडल्यापासून एवढं मोठं काही लिहिलेलं नाही. शुद्धलेखन सोनियानं वाचता वाचताच दुरुस्त करून घ्यावं.)

तर कॅमेरा. आमच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा फोटोवाला दुकान बंद करत होता, त्याच्याकडनं मी तो घेतला. तो तळ्यावर जाऊन पक्ष्यांचे फोटो काढायचा. त्याचं मत असं की ह्या कॅमेऱ्याला जवळचं फारसं आवडत नाही, लांबचं आवडतं. हे ऐकल्यावर मला तो लगेच घरचा वाटला. (तीन वर्षांत चार गावं बदलली म्हणून तुम्ही मला बोलता, पण माझंही तसंच आहे. जिथं असतो तिथलं मला धड दिसत नाही.) बटण दाबलं की पुढची नळी गोगलगाईगत बाहेर येते, आणि येतच राहते. चंद्रावर धरला तर चंद्राचे खड्डे मोजता येतात. मी ते तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात की चंद्र कुठं पळून चाललाय म्हणून त्याला जवळ आणतोस. तेही एक मत आहे, लालासाहेबांना सांगायला हरकत नाही. वजनाला हा कॅमेरा चार दिवसांच्या कोकराएवढा भरतो. गळ्यात अडकवून दिवसभर हिंडलं की संध्याकाळी मान आपोआप खाली राहते आणि लोकांना वाटतं पोरगं सुधारलं. ऊन असलं तर फोटो चांगला येतो, सावलीत आला की कुरकुर करतो. बॅटरी अर्ध्या दिवसाची. कोयनानगरला घाटातनं धरण काढायला गेलो तेव्हा धरण दिसेपर्यंत ती संपली, आणि मग मी धरण डोळ्यांनी बघून आलो. बरं होतं.

आता तुम्ही म्हणाल की मुद्द्यावर ये. मुद्दा दसऱ्याचा आहे. कराडच्या पाव्हण्यांनी सोनियाचा फोटो मागितला होता. मुलगा साखर कारखान्यात, घरचं बरं, फोटो पसंत पडला की बघायला येतो म्हणाले. मोबाईलचा फोटो तुम्हाला चालत नाही, कारण त्यात नाक पुढं येतं, आणि घरात एवढा मोठा कॅमेरावाला भाचा असताना स्टुडिओत कशाला जायचं, असं तुम्हीच सगळ्यांना सांगितलं होतं. मी आठ दिवस गावी होतो. आठ दिवसांत पोरीचा एक फोटो नीट आला नाही. पाव्हणे अजून थांबलेत आणि तुम्ही अजून माझ्यावर चिडून आहात, हे फोनवरच्या आवाजावरनं कळतं. तेव्हा झालं कसं, हे लालासाहेबांसाठी क्रमानं लिहितो.

पहिलं कारण खंडेनवमीची पूजा. मामीनं कुऱ्हाड, विळा, लोकर कातरायच्या कात्र्या, मोटरीचा स्टार्टर आणि मिक्सर यांच्या रांगेत माझा कॅमेरा मांडला. मी म्हटलं, मामी, हा मिटलेलाच राहू दे. मामी म्हणाली, "हत्यार मिटलेलं पुजत न्हाईत रं. कात्र्या उघड्याच ठेवल्याती न्हवं?" (बिनउत्तराच्या गोष्टी मामीला फार येतात.) मी नळी पुरी बाहेर काढून ठेवली. मामीनं तिच्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली, वर झेंडूचं फूल टेकवलं, तुम्ही बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणून मूठभर भंडारा उधळलात, आणि कॅमेऱ्याला नेमकं तेव्हाच मिटावंसं वाटलं. तो बराच वेळ कुणी हात लावला नाही की आपोआप मिटतो, हे त्याच्या पोटातच आहे. नळी झेंडूसकट आणि भंडाऱ्यासकट आत निघाली, अर्ध्यात कर्र करून अडकली. मागच्या काचेवर इंग्रजीत काहीतरी आलं, ते सोनियानं वाचलं, की बंद करून परत चालू करा. मामीचं म्हणणं पडलं की देव पावला, हत्यारानं आपणहून फूल घेतलं. भट्टीवर आम्ही मुशीच्या तळाचं आणि फरशीच्या फटीतलं सोनं बारीक कुंच्यानं टिपून काढतो, तो कुंचा माझ्या पिशवीत होता. त्यानं मी दुपारभर नळीतला भंडारा टिपला. पण दुसऱ्या दिवशीचे फोटो सगळे पिवळे आले. सोनिया अशी दिसत होती की हळद लागूनच गेली, आता पाव्हण्यांनी बघायला यायचं कारणच नाही. तुम्ही ते फोटो नको म्हणालात.

त्याच्याही दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं की ह्याला जवळचं जमत नाही, पोरीला लांब उभी करा. तुम्ही तिला नवी साडी नेसवून ओढ्यापलीकडं बाभळीपाशी उभी केलीत आणि मधे बांधावर उभं राहून माझं म्हणणं ओरडून तिला सांगत होता. (डावीकडं सरक म्हटलं की तुम्ही उजवीकडं ओरडायचात. तुमचं तोंड माझ्याकडं होतं म्हणून तसं झालं असणार.) तेवढ्यात आपल्या कळपातला माडग्याळी एडका मधे आला. हा कॅमेरा ज्याचं तोंड ठळक त्याला धरतो, आणि एडक्याएवढं ठळक नाक आपल्या वाडीत कुणाचं नाही. फोटोत एडक्याच्या पापणीचे केस मोजून घ्यावेत, आणि मागं जांभळा ढग दिसतो, ती सोनिया. तरी तुम्ही म्हणालात साडीचा रंग तरी दिसतोय, पाठव. पाठवला. कराडहून मुलाच्या वडलांचा फोन आला आणि त्यांनी एडक्याचं वय विचारलं. तुम्हीही भरात येऊन दोन दाती हाय म्हणून सांगितलंत, आणि फोन ठेवल्यावर माझ्यावर चिडलात.

तिसरा प्रयत्न मी निघायच्या आदल्या दिवशी. लांबनं धरला की हात थोडा जरी हलला तरी फोटोत भूकंप होतो, म्हणून कॅमेरा कशावर तरी टेकवावा लागतो. भिंत लांब होती, झाड वाकडं होतं, म्हणून मी तो तुमच्या खांद्यावर टेकवला. श्वास धरा म्हटलं, तुम्ही धरलात. मी बटण दाबणार, तेवढ्यात तुम्ही शिंकलात. दुसऱ्यांदा धरला, परत शिंकलात. तंबाखू हातावर मळून लगेच खांदा देऊ नये, एवढं लालासाहेबांना नक्की सांगा. त्या फोटोत सोनियाला सहा डोळे आहेत, आणि सहाही मिटलेले.

आता लालासाहेबांच्या बागेचं. त्यांना बागेतल्या राघूंवर पाळत ठेवायला कॅमेरा पाहिजे असं तुम्ही म्हणालात. तर द्राक्ष खाणारा राघू ह्यात गळ्यातल्या कडीसकट दिसेल, कुठला मणी खातोय तेही दिसेल. पण तो उडणार नाही. तुम्ही नळी त्याच्यावर धरून श्वास रोखून बसलात की राघू उलट सावकाश खातो. तेव्हा वर्षभर वापरल्यावर माझं लेखी मत असं की कॅमेरा घेऊ नये. माणसाचा, त्यातही घरच्या माणसाचा फोटो काढायला तर अजिबात घेऊ नये.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना जे द्यायचं ते मी आल्यावर देतो.

आपला भाचा,
सूरज

ता. क. मामा, वरचा कागद लालासाहेबांना देऊ नका. लिहून झाल्यावर मी तो भाऊसोला वाचायला दिला होता. तो म्हणाला, "गड्या, खोटं लिवायचं तर आखूड लिवावं." मग मला जेवण गोड लागेना, म्हणून खाली खरं लिहितो. कॅमेऱ्यात खोट नाही. भंडारा त्याच दुपारी कणभरही न ठेवता निघाला होता. पिवळा रंग मी केला, त्याला एक बटण असतं. एडक्याला मीच शेंगांची पेंड दाखवून मधे घेतलं होतं. तुम्ही शिंकला नसतात तरी मी हात हलवणार होतो, तुम्ही शिंकलात हे तुमचे उपकार. पण कॅमेरा चांगला म्हणून लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत की मग फोटो का बिघडले. आता विचाराच. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी बिरोबाच्या टेकडीवर चढून नळी किती लांबचं दाखवते ते बघत होतो. खाली बाभळीच्या सावलीत सोनिया मेंढरांपाशी बसलेली दिसली, मांडीवर पुस्तक होतं. नळी पुरी सोडली तर पुस्तकात माणसाची हाडं. मी घाबरलो. मला वाटलं पोरगी कुणावर करणीबिरणी करतीया का काय. धावत खाली गेलो आणि विचारलं. ती म्हणाली, "दाद्या, नर्सिंगची परीक्षा पास झालीया मी. मिरजेला नंबर लागलाय. फोटो चांगला काढू नगंस, तेवढंच कर." परीक्षेला ती सांगलीला गेली होती तेव्हा तुम्हाला मावशीकडं बारशाला जाते म्हणून सांगितलं होतं. (बारसं झालं होतं, पण आधीच्या महिन्यात.) तर लालासाहेबांना सांगा, टेकडीवरनं बाभळीखालचं हाड कुठलं ते ओळखू येतं, कॅमेरा डोळे झाकून घ्या.

ता. क. दुसरा. मुख्य काम राहिलं. कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही पाहिजे आणि पंचवीस तारीख शेवटची आहे. फॉर्म घरातच आहे, मामीनं गोधडीच्या घडीत ठेवलाय. (मामीला सगळं ठाऊक आहे. तिच्यावर चिडायचं असलं तर आधी जेवून घ्या.) फॉर्मवर सोनियाचा जो फोटो लावलाय तो मी काढलाय. जवळनं काढलाय आणि नीट आलाय. मामा, दोन वर्षांपूर्वी तुमचं पोट कापलं तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात मी तुमच्या उशाशी होतो. डॉक्टर सांगायचे तंबाखू सोडा, तुम्ही मान हलवायचात. मामी सांगायची, तुम्ही मानही हलवत नव्हता. ती एक सोलापूरकडची नर्स नुसती दारात येऊन उभी राहिली की तुम्ही उशीखालची पुडी काढून तिच्या हातात द्यायचात, आणि निघताना तुम्ही तिच्या पाया पडायला वाकला होतात, तिनंच धरलं. तिलाही घरात कुणीतरी सही दिली असणार. मला शाळेत परत घालायला तुम्ही दोनदा आला होता, मी दोन्ही वेळा पळालो. ही पळत नाही, माळावर बसून हाडं पाठ करते. कराडच्या पाव्हण्यांना एडका पसंत पडलाच आहे, तो व्यवहार खुशाल करा.

ता. क. तिसरा. सोने, मी हे सगळं लिहिणार हे तुला सांगितलं नव्हतं. इथपर्यंत मोठ्यानं वाचत आली असशील तर शाबास. थांबली असशील तर कागद मामांच्या हातात दे, ते अक्षरं जुळवत वाचतील, आणि बाहेर मेंढरांकडं जा. मामा, सहीची जागा शेवटच्या पानावर उजव्या बाजूला खाली आहे. तिनं तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवलीय, ती सही झाल्यावर खोडायची आहे.